हृदयाची रोजकीर्द

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात असताना एका बासष्ट वर्षांच्या अडत्यांच्या डोळ्यांपुढे अकस्मात अंधारी आली. शेजारी उभ्या असलेल्या हमालाने वेळीच खांदा दिला म्हणून ते पडले नाहीत. दहा-पंधरा सेकंदांत भान आले, पाण्याचे दोन घोट घेतले आणि 'ऊन लागले' एवढेच बोलून ते पुन्हा सौद्यात उभे राहिले. घरी ही गोष्ट तिसऱ्या दिवशी कळली, आणि तीही हमालाकडून. मग आग्रह झाला, दवाखाना झाला. रक्तदाब ठीक, साखर ठीक, ईसीजी निर्दोष. घर निश्चिंत झाले. महिनाभराने गोदामाच्या जिन्यावर तोच प्रकार पुन्हा घडला, आणि पुन्हा काढलेला ईसीजीही पहिल्यासारखाच स्वच्छ निघाला.

व्यापारी घरांना असा प्रसंग अपरिचित नाही. अवेळी झालेले जेवण, थकलेली उधारी, हंगामातील जागरण, उन्हाचा ताप यांपैकी कोणावर तरी दोष टाकला जातो आणि ईसीजीचा कागद कपाटातील फायलीत जाऊन पडतो. त्या कागदावर मुळात किती वेळाची नोंद असते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. जो माणूस कापसाच्या एका गाठीवरून संपूर्ण ट्रकचा भाव ठरवायला तयार होत नाही, तोही हा प्रश्न विचारीत नाही, याचे आश्चर्य वाटावे.

दवाखान्यातील नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. तेवढ्या अवधीत हृदयाचे दहा-बारा ठोके पडतात. मिनिटाला सत्तर या हिशेबाने दिवसभरात मात्र एक लाखाच्या आसपास ठोके पडत असतात. म्हणजे लाखातील बारा ठोके पाहून निकाल दिला जातो. धान्याचा व्यापारी पोत्याला टोचून मूठभर दाणे काढतो आणि त्यावरून पोत्याची प्रत ठरवतो, हे खरे. परंतु तो न्याय धान्याला लागू पडतो, कारण बारीक दाणा, खडा आणि कचरा पोत्यात बहुधा सर्वत्र मिसळलेला असतो. हृदयाच्या तालातील दोष असा मिसळलेला नसतो. महिन्याच्या महिन्यात तो एखाद्याच दिवशी, त्या दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी चार-पाच सेकंदांतच प्रकट होतो आणि मग हृदय जणू काही घडलेच नाही अशा रीतीने चालू लागते. रोगी दवाखान्याच्या खाटेवर येऊन पडेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो. डॉक्टरांचे निदान चुकलेले नसते. ज्या क्षणी पाहायला हवे होते, त्या क्षणी पाहणारे कोणी तेथे नव्हते, इतकेच.

ही अडचण ईसीजीच्या जन्मापासूनची आहे. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जे यंत्र उभारले, त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोगी हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते; म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवाटे रोग्याच्या हृदयाचे संकेत आपल्या प्रयोगशाळेत आणविले. दूर असलेल्या हृदयाची नोंद घेण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणावा लागेल. १९२४ साली आइंटहोव्हन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीसुद्धा रोगी तारेने बांधलेला आणि स्थिर बसलेलाच राहिला. चालणाऱ्या, ओझे उचलणाऱ्या, रागावणाऱ्या माणसाचे हृदय काय करते, हे पाहण्याची सोय त्यात नव्हती.

ती सोय ज्याच्या हातून झाली, तो डॉक्टर नव्हता. तो एका व्यापारी घराण्यातला होता. अमेरिकेच्या मोंटाना प्रांतातील हेलेना हे सोन्याच्या खाणींमुळे वसलेले गाव. नॉर्वेहून आलेल्या अँटन होल्टर यांनी १८६३ मध्ये त्या प्रदेशात लाकूड कापण्याची गिरणी आणली, आणि पुढे हेलेना येथे लोखंडी सामानाची व अवजारांची मोठी पेढी घराण्याच्या नावाने चालू लागली. नॉर्मन जेफरिस होल्टर हा या अँटनचा नातू, जन्म १९१४. त्याने रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचे शिक्षण घेतले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलासाठी काम केले, आणि १९४६ मध्ये बिकिनी बेटांवरील अणुस्फोटांनी समुद्रात उठणाऱ्या लाटा मोजणाऱ्या पथकाचे नेतृत्व केले. एवढ्या अनुभवानंतर एखाद्या मोठ्या विद्यापीठाची वाट धरणे स्वाभाविक होते. होल्टर मात्र आपल्या गावी परतला आणि १९४७ साली तेथे त्याने स्वतःची संशोधन संस्था स्थापन केली.

लॉस एंजलिसमधील मानसशास्त्रज्ञ जोसेफ जेंगरेली यांच्यासमवेत त्याने पूर्वी एक चमत्कारिक वाटणारा प्रयोग केला होता. बेडकाच्या मज्जातंतूला तार न लावता दुरून चेतना देता येते काय, हे त्या दोघांनी पाहिले होते. त्यातून उलट प्रश्न उभा राहिला: शरीरातून आपोआप निघणारे विद्युत-संकेत तारेवाचून दुरून टिपता येतील काय? प्रारंभ मेंदूपासून झाला, परंतु मेंदूचे संकेत अतिशय क्षीण. हृदयाचे संकेत त्या मानाने कितीतरी बलवान. म्हणून होल्टर हृदयाकडे वळला. हृदयरोगाविषयीच्या कोणत्याही कळकळीपेक्षा मोजण्याची सोय हे या वळणाचे कारण होते, ही गोष्ट लपविण्याचे प्रयोजन नाही. पुढे लक्षावधी रोग्यांना ज्याचा आधार मिळाला, त्या साधनाचा उगम असा व्यवहारी आहे.

पहिले यंत्र पाठीवर बांधायचे होते. त्याचे वजन ८५ पौंड, म्हणजे जवळजवळ ३८ किलो. होल्टर स्वतः ते पाठीवर घेऊन जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसे, आणि त्याच्या हृदयाचे संकेत रेडिओ लहरींनी थोड्या अंतरावरील ग्राहक यंत्रापर्यंत जात. एवढे ओझे पाठीवर असताना हृदयाचा ताल बिघडला, तर दोष हृदयाचा की ओझ्याचा, असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर देणे कठीणच झाले असते! तथापि माणूस हलत असताना, तारेने भिंतीला न जोडता, त्याचे हृदय वाचता येते, एवढे सिद्ध झाले.

यापुढचा टप्पा अधिक विचार करण्याजोगा आहे. रेडिओचा पल्ला मर्यादित होता. माणूस ग्राहक यंत्रापासून दूर गेला की नोंद तुटे. मग ज्या बिनतारी कल्पनेपासून आरंभ झाला होता, ती होल्टरने खुशाल बाजूला ठेवली. ट्रान्झिस्टर उपलब्ध झाले होते, यंत्रे लहान होऊ लागली होती. त्याने ध्वनिफितीसारख्या चुंबकीय फितीवर नोंद करणारे छोटे यंत्र माणसाच्या अंगावरच दिले. संकेत दूर पाठविणे हे त्याचे साध्य नव्हते. माणूस जेथे जाईल तेथे नोंदवही सोबत जावी, एवढेच त्याला हवे होते. स्वतःच्या युक्तीच्या मोहात न पडता कामाला उपयोगी पडेल ते स्वीकारणे सर्वच संशोधकांना साधत नाही.

नोंद जमा होऊ लागली, तशी नवी अडचण आली: लाखो ठोके वाचणार कोण? कागदावर काढले असते तर कोठारे भरली असती. होल्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फीत साठपट वेगाने उलगडायची आणि प्रत्येक ठोक्याचे चित्र पडद्यावर आधीच्या ठोक्याच्या चित्रावरच पाडायचे, अशी रीत बसविली. सारखे ठोके एकमेकांवर पडून एकच स्थिर आकृती दिसे. वेगळा ठोका आला की आकृती हलल्यासारखी दिसे. जोडीला आवाजही असे. एकसुरी चाललेला गुणगुणाट मध्येच बदलला की कानाला खटके. जुन्या पेढ्यांवरील मुनीम रकान्यावरून बोट फिरवीत जात आणि चुकलेल्या आकड्यावर ते बोट आपसूक थांबे. ही युक्ती त्याच जातीची. ही सर्व पद्धती १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तोपर्यंत होल्टरची प्रयोगशाळा हेलेनातील रेल्वेच्या एका जुन्या स्थानकाच्या इमारतीत गेलेली होती. त्यानंतर कॅलिफोर्नियातील एका कंपनीने यंत्रे बनवून ती रुग्णालयांपर्यंत पोहोचविली. होल्टरचे निधन १९८३ साली झाले. आज मराठी घरांत 'होल्टर लावायला सांगितले आहे' असे जे म्हटले जाते, आणि पुष्कळदा दिव्याच्या होल्डरप्रमाणे त्याचा उच्चार होतो, ते या अवजारांच्या पेढीवाल्याच्या नातवाचे नाव आहे.

आता पुन्हा सांगलीकडे. दुसऱ्या प्रसंगानंतर हृदयरोगतज्ज्ञांनी अडत्यांना चोवीस तासांचे होल्टर लावले. छातीवर चिकट चकत्या, त्यांतून निघालेल्या तारा आणि कमरेला यंत्र, असा तो थाट. स्नान करायचे नाही, यंत्र भिजू द्यायचे नाही, बाकी सर्व व्यवहार नेहमीप्रमाणे करायचे, अशी सूचना होती. घरच्यांनी तिच्यातील पहिले दोन भाग कटाक्षाने पाळले. तिसरा भाग मात्र प्रेमापोटी मोडला. अंगावर यंत्र असताना यार्डात कसे जायचे, धक्का लागला तर, लोक काय विचारतील, अशा विचाराने त्यांना दिवसभर घरीच ठेवले. झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र, दुपारी झोप, सायंकाळी हलके भोजन. नोंद अर्थातच निर्दोष निघाली.

"काल यार्डात गेला होतात ना?" डॉक्टरांनी विचारले.

"छे! यंत्र लावलं होतं, म्हणून सुट्टी घेतली."

"मग शेठ, तुमच्या सुट्टीच्या दिवसाचा हिशेब माझ्या हाती आला. मला दुकानाच्या दिवसाचा हवा होता."

अशी चाचणी पुष्कळ घरांत वाया जाते, आणि तिचे पैसेही वाया जातात. ज्या परिस्थितीत त्रास होतो ती परिस्थिती त्या चोवीस तासांत आली पाहिजे. जिना चढून त्रास होत असेल तर जिना चढला पाहिजे, ग्राहकांशी घासाघीस करताना छातीत धडधडत असेल तर घासाघीस झाली पाहिजे. अर्थात ज्याला मुद्दाम श्रम करण्याची मनाई केलेली आहे, त्याने डॉक्टरांचाच शब्द मानायचा.

दुसरी उपेक्षित गोष्ट म्हणजे टिपणवही. होल्टरबरोबर एक छापील कागद मिळतो. केव्हा काय केले आणि केव्हा काय वाटले, हे वेळेसह त्यावर लिहायचे असते. बहुतेक कागद कोरेच परत जातात. काही परत देण्याच्या दिवशी सकाळी, आठवून आठवून, भरले जातात. वास्तविक या कागदावाचून यंत्राची नोंद निम्मीच. यंत्राला ठोका समजतो, परंतु माणसाला त्या क्षणी घेरी आली की तो केवळ शिंकला, हे समजत नाही. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी धडधड झाली असे रोग्याने लिहिले आणि त्याच वेळेला यंत्रात ताल बिघडलेला दिसला, तर दोन्ही नोंदी जुळल्या. रोग्याने धडधड लिहिली आणि यंत्रात ताल स्वच्छ दिसला, तर तेही एक उत्तरच; त्या धडधडीचे मूळ अन्यत्र शोधावे लागते. उलट, यंत्रात एखाद-दुसरा वेगळा ठोका दिसला आणि माणसाला काहीच जाणवले नाही, तर बहुधा काळजीचे कारण नसते. निरोगी माणसांतही असे तुरळक ठोके आढळतात, आणि गाढ झोपेत हृदय मंदावणे हे तर स्वाभाविकच आहे. कीर्दीतील नोंद खतावणीत जुळल्याशिवाय तेरीज लागत नाही, हे ज्या घरांत लहानपणी शिकविले जाते, त्या घरांतून हा कागद कोरा जावा, हे नवलाचे आहे.

चोवीस तासांची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती सरळ गणिताची आहे. ज्याला महिन्यातून एकदा घेरी येते, त्याची घेरी नेमकी त्याच दिवशी येण्याचा संभव तिसात एक. म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत छातीच्या डाव्या बाजूला चिकटविण्याच्या, बिनतारेच्या लहान पट्ट्या आल्या. दोन आठवड्यांपर्यंत त्या अंगावर राहतात, आणि पुष्कळशा पट्ट्या लावून स्नानही करता येते. २०१४ साली अमेरिकेत १४६ रोग्यांवर झालेला एक अभ्यास बोलका आहे. प्रत्येकाला चोवीस तासांचे होल्टर आणि चौदा दिवसांची पट्टी एकाच वेळी लावण्यात आली. पहिल्या चोवीस तासांत, दोन्ही साधने अंगावर असताना, होल्टरने तालबिघाडाच्या ६१ घटना पकडल्या आणि पट्टीने ५२. म्हणजे तासाला तास तोलले तर जुने यंत्रच सरस. परंतु पूर्ण चौदा दिवसांचा हिशेब केला, तेव्हा पट्टीच्या नोंदीत ९६ घटना सापडल्या. पट्टी चतुर नव्हती; ती टिकून राहिली. तिच्यावर माणूस विसंबून झोपला, उठला, कामाला गेला, आणि आपण परीक्षेला बसलो आहोत हे विसरला.

घराघरांत सध्या जी वस्तू शिरली आहे, ती मात्र पट्टी नव्हे. मनगटावरचे घड्याळ वाढदिवसाला मुलगा वडिलांना देतो, सून सासूबाईंना देते. त्याची रीत निराळी आहे. त्याच्या पाठीवरून हिरवा प्रकाश त्वचेत जातो; रक्त तो प्रकाश शोषून घेते; ठोक्यासरशी मनगटातील रक्त वाढते-घटते, तसा परतणारा प्रकाशही कमी-अधिक होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. हृदयाची वीज येथे मोजली जात नाही, तिचा दूरचा परिणाम मोजला जातो. हात वेगाने हलत असेल, पट्टा सैल असेल, थंडीने हात गार पडला असेल, तर आकडा फसवा निघू शकतो. दिवसभर कापडाचे ठाण उलगडून दाखविणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळाने दिलेला प्रत्येक आकडा प्रमाण मानू नये. काही घड्याळांत दुसऱ्या हाताचे बोट लावून तीस सेकंदांचा ईसीजीही काढता येतो. तो खरा विजेचाच, परंतु एकाच बाजूने पाहिलेला. दवाखान्यातील ईसीजी तेच हृदय बारा बाजूंनी पाहतो.

याच प्रकाशाच्या मोजणीचे वडीलधारे भावंड साऱ्यांच्या परिचयाचे आहे. करोनाच्या काळात ज्या चिमट्यात बोट घालून घराघरांत प्राणवायूचा आकडा पाहिला गेला, त्याचे तत्त्व जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. ते दुसरेच काही मोजण्याच्या प्रयत्नात होते, आणि नाडीमुळे मोजणीत येणारी थरथर त्यांना अडथळा करीत होती. त्या अडथळ्याचाच त्यांनी उपयोग करून घेतला. एप्रिल २०२० मध्ये, त्यांच्या चिमट्यासाठी सारे जग धावत असताना, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील रुग्णालयांतून एक गंभीर गोष्ट पुढे आली. सावळ्या-काळ्या त्वचेच्या रोग्यांत हा चिमटा प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवितो, असे तेथे गोऱ्या रोग्यांच्या मानाने अधिक वेळा आढळले. महाराष्ट्रातील घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धाप लागलेली असताना केवळ चिमटा पंच्याण्णव दाखवितो म्हणून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

घड्याळाच्या बाजूने सांगण्याजोगेही आहेच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल पूर्णपणे विस्कटण्याचा एक विकार असतो. त्यात त्या कप्प्यांत रक्त साकळून गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो. कित्येकांना हा विकार आहे याचा पत्ता प्रथम त्या झटक्यानेच लागतो. असा ताल मनगटावरून ओळखता येतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे आठ महिने चाललेल्या या अभ्यासात २,१६१ जणांना, म्हणजे दोनशेत एकाला, घड्याळाने इशारा दिला. त्यांपैकी ज्या ४५० जणांनी पुढे छातीची पट्टी लावून ती परत पाठविली, त्यांच्यातील ३४ टक्क्यांत तो विकार पट्टीवर सापडला. उरलेल्यांचा इशारा खोटाच होता, असेही म्हणता येत नाही, कारण हा विकार येतो आणि जातो. इशारा म्हणजे निदान नव्हे, आणि इशारा म्हणजे अफवाही नव्हे. तो घेऊन डॉक्टरांकडे जायचे असते. रात्री दोन वाजता साऱ्या घराला उठवून मोबाइलवर त्याचा अर्थ शोधीत बसायचे नसते.

अधिक पाहिले म्हणजे अधिक जीव वाचतात, असा सरळ हिशेब मात्र लागत नाही. डेन्मार्कमध्ये सत्तर ते नव्वद वयाच्या ६,००४ जणांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. त्यांतील चौथ्या हिश्श्याच्या त्वचेखाली नोंद करणारे सूक्ष्म यंत्र बसविले होते. त्या गटात ३१.८ टक्के लोकांत हा विकार सापडला. नेहमीची देखभाल झालेल्या गटात १२.२ टक्क्यांत. रक्त पातळ ठेवणारी औषधेही पहिल्या गटात दुपटीहून अधिक लोकांना दिली गेली. परंतु अर्धांगवायू व तत्सम आघात पहिल्या गटात ४.५ टक्के आणि दुसऱ्यात ५.६ टक्के, हा फरक योगायोगाने पडला नसेलच, असे शास्त्रीय कसोटीवर म्हणता आले नाही. काही मिनिटांपुरता येऊन जाणारा विकार आणि दिवसेंदिवस ठाण मांडून बसलेला विकार यांना एकाच मापाने तोलावे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. रक्त पातळ करणाऱ्या औषधांना रक्तस्रावाची किंमत असते. ती किंमत कोणी आणि केव्हा मोजावी, हे घड्याळाला विचारून ठरत नाही.

एक गैरसमज तर प्राणावर बेतणारा आहे. हृदयविकाराचा झटका मनगटावरील घड्याळ ओळखू शकत नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे असताना घड्याळाने 'ताल नियमित' असे दाखविले, तरी त्या दोन शब्दांना काडीचेही मोल नाही. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. दुकान कोणी बंद करायचे, गल्ल्याची किल्ली कोणाकडे द्यायची, ही चर्चा रुग्णवाहिका निघाल्यानंतरही करता येते.

बिनतारी साधनांनी घरांतील नात्यांतही एक नवी गोष्ट आणली आहे. मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतो, आणि वडिलांची नाडी, त्यांची झोप, त्यांनी चाललेली पावले त्याच्या मोबाइलवर उमटतात. "बाबा, रात्री तीन वाजता जागे का होतात?" असा फोन सकाळी येतो. काही वडिलांना त्यात माया दिसते. काहींना पहारा वाटतो आणि ते घड्याळ 'चार्जिंगला' म्हणून कपाटात ठेवून देतात. दोघांचेही बरोबर आहे. विचारून लावलेले घड्याळ आणि न विचारता लावलेले घड्याळ यांत अंतर असते. ही नोंद केवळ मुलाकडेच जाते असेही नाही. ती कंपनीच्या संगणकांत साठते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याचा पाया संमती हा आहे. परंतु व्यवहारात ती संमती मोबाइलवर न वाचताच 'मान्य' दाबून दिली जाते. आपली खतावणी तिऱ्हाइताच्या हाती न देणारा व्यापारी आपल्या हृदयाची वही मात्र एका बोटाच्या स्पर्शाने देऊन टाकतो. निदान त्या अटींत आपली नोंद आणखी कोणाला दिली जाईल एवढे तरी वाचून, अथवा घरातील तरुणांकडून वाचवून घ्यावे.

सांगलीच्या अडत्यांना शेवटी चौदा दिवसांची पट्टी लावण्यात आली, आणि या वेळी डॉक्टरांनी त्यांना यार्डात जाण्याची जवळजवळ आज्ञाच केली; फक्त गाडी चालवायची नाही आणि जिन्यावर एकट्याने जायचे नाही, असे बजावले. पट्टी आपली नोंद खिशातील मोबाइलकडे बिनतारी पाठवी, आणि मोबाइल ती पुढे केंद्राकडे. छापील कागद त्यांनी घेतला नाही. सौद्याचे आकडे टिपण्याची छोटी डायरी सदऱ्याच्या खिशात असतेच, तिच्याच मागच्या पानांवर ते लिहू लागले. आठ दिवस त्यात विशेष काही नाही. नवव्या दिवशी, हळदीच्या दरांच्या खाली, एक ओळ आहे: 'दु. ४.१०, गोदाम जिना, अंधारी, कठडा धरला. पाच मोजेपर्यंत गेली.'

त्या वेळी मोबाइल खाली गादीवर राहिला होता. इतक्या अंतरावर संकेत पोहोचत नाहीत. म्हणून पट्टीने नोंद स्वतःजवळच ठेवली आणि ते खाली उतरल्यावर ती पुढे गेली. पाच वाजण्याच्या सुमारास केंद्रातून डॉक्टरांना फोन गेला, आणि डॉक्टरांचा फोन सूनबाईंना आला. ४ वाजून ८ मिनिटांनी हृदय जवळजवळ पाच सेकंद थांबले होते. दोन मिनिटांचा फरक अडत्यांच्या हातातील जुन्या किल्लीच्या घड्याळाचा निघाला. ते दोन मिनिटे पुढे असते, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

त्याच आठवड्यात मिरजेला त्यांच्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसविण्यात आला. रुग्णालयातून निघताना डॉक्टरांनी डायरीचे ते पान फायलीला लावण्यासाठी मागितले. त्या पानाच्या दुसऱ्या बाजूला तीन शेतकऱ्यांच्या हळदीचे वजन लिहिलेले होते. म्हणून अडत्यांनी ते फाडून दिले नाही. खालच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून आणविली, आणि ती दिली.